नाव लीजिए, मैडम

२४ मे, शनिवार. खलिफा सिटी

आज जेवताना वेदांगने जाहीर केलं की ईदच्या सुट्टीला जोडून तो आणि वैभवी नैनीतालला चालले आहेत. मग त्याने वरणभाताचा घास घेतला, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही पण चला ना, आईबाबा." त्यावर हे म्हणाले, "इन्शाल्ला."

आमच्या घरात इन्शाल्ला म्हणजे नाही. अबुधाबीत इतकी वर्षं काढल्यावर प्लंबर, घरमालक आणि ह्यांचे मॅनेजर यांच्याकडून आम्ही तो अर्थ शिकलो. पण पोटचा मुलगा इतक्या प्रेमाने बोलावतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? मी हात धुतले आणि स्टोअररूममधल्या कपाटावरून मोठी बॅग काढली. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यांना अपेक्षाच नसावी आम्ही इतक्या लगेच तयार होऊ अशी.

खरं कारण फक्त इथे लिहिते. वेदांगचं लग्न डिसेंबरात पुण्यात झालं. वैभवी आपल्याच माणसांतली, शारजात जन्मलेली, तिथेच वाढलेली. मुलगी हुशार आहे, कामसू आहे, ह्यांना पहिल्या दिवसापासून बाबा म्हणते. मला मात्र काहीच म्हणत नाही. "अं" म्हणते, "एक्स्क्यूज मी" म्हणते, स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे उभी राहून खाकरते. परवा मी नळ बंद करेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "हॅलो."

असं का, ते मला खरोखर कळत नाही. मी तर साखरपुड्यालाच तिला जवळ बसवून सांगितलं होतं, मला आंटी म्हणायचं नाही. आई म्हणायचीही सक्ती नाही. अगदी आतून वाटेल तेव्हाच म्हण, खोटं मला लगेच ओळखू येतं. याहून मोकळी सासू कुणाला मिळणार?

नैनीतालहून परत येईपर्यंत तिने मला एकदा आई म्हणावं, एवढंच माझं मागणं आहे. तलाव नाही दिसला तरी चालेल.

२७ मे, मंगळवार

हेमा आली होती, तिच्या बिल्डिंगमधल्या नव्या शेजारणीला घेऊन. हेमा इथली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण, त्यामुळे चहाबरोबर माझा नावाचा किस्सा तिनेच मागितला.

किस्सा असा. गृहप्रवेशाला उंबरठ्यावर माप ठेवलेलं, आत्या-मावश्यांनी दार अडवलेलं, आणि सगळ्यांचा एकच घोष, नाव घे, नाव घे. आता आपल्याकडे नाव घे म्हणजे उखाण्यात नवऱ्याचं नाव घे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमची नवरी सगळ्यांकडे बघत बघत हळूच म्हणाली, "वैभवी." स्वतःचंच नाव सांगितलं. वन्सं तर हसता हसता खालीच बसल्या.

मी हा किस्सा आतापर्यंत पुष्कळ ठिकाणी सांगितलाय, त्यामुळे तो छान बसलाय. शेवटी मी तिच्या आवाजाची नक्कल करते, मान खाली, डोळे मोठे. आज नक्कल चालू असतानाच वैभवी बिस्किटं घेऊन आली. तीही हसली. मुलगी खेळकर आहे हे मान्य केलं पाहिजे. मग तिला ऑफिसचा फोन आला म्हणून ती वर गेली. फोन मात्र इथेच टेबलावर राहिला होता, विसरली असेल.

३० मे, शुक्रवार

काहीतरी शिजतंय. दुपारी ह्यांच्या खोलीवरून जात होते, दार लोटलेलं, आत हे आणि वैभवी. कान देऊन ऐकायची मला सवय नाही, पण हातातली चादर घडी घालण्यासाठी मी तिथेच थांबले होते.

वैभवी विचारत होती, "बाबा, खून चालेल?"

हे म्हणाले, "खून नको गं. सुचित्रा घाबरेल." सुचित्रा म्हणजे मी.

"मग जून?"

"जून चालेल. मजा नाही, पण चालेल."

मी आत गेले तर दोघं गप्प. ह्यांनी पटकन वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक उचलून वाचायला सुरुवात केली. ह्या माणसाने आयुष्यात कधी वॉशिंग मशीनचं झाकण उघडलेलं नाही. दोघं मिळून एखादी खुनाची मालिका बघत असतील अशी मी मनाची समजूत घातली. पण जूनचं काय?

१ जून, रविवार

आज उलगडा झाला आणि झाला नसता तर बरं होतं.

सकाळी पोहे खाताना वैभवी खाकरली आणि म्हणाली, "अं, फोर्टी-सेव्हनला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं सत्तेचाळीस. "सत्तेचालीस," ती म्हणाली. "ळ," मी म्हटलं. "सत्तेचालीस," ती पुन्हा म्हणाली आणि पुटपुटतच जिना चढली. नंतर बाथरूममधूनही तेच ऐकू येत होतं. नळ चालू आणि आत सत्तेचालीस, सत्तेचालीस.

संध्याकाळी भाजी निवडताना दोन आणि दोन चार झाले. वेदांग गेले दोन महिने सारखा दुबईच्या ऑफिसला जातोय. जून महिना. सत्तेचाळीस. दुबईत त्या उंच टॉवरमध्ये सत्तेचाळिसाव्या मजल्यावर यांनी फ्लॅट बघितलाय आणि याच महिन्यात घर सोडून चाललेत. आणि खून म्हणजे माझा, भावनांचा. ह्यांना सगळं माहीत आहे आणि हे त्यांच्या बाजूचे आहेत. नैनीतालला बोलावलं ते तिथे थंड हवेत हळूच सांगायला.

ह्यांना सरळ विचारलं. हे म्हणाले, "तसं काही नाही, तू झोप." हे तसं काही नाही म्हणतात तेव्हा तसंच असतं.

म्हणजे आई म्हणायचं बाजूलाच राहिलं. हाक मारायला मुलगी घरात तरी पाहिजे.

६ जून, शुक्रवार. नैनीताल

काल दिल्लीला उतरलो, आज दिवसभर गाडीत. काठगोदामनंतर घाट लागला आणि मी लिंबू हुंगत बसले. गावाच्या अलीकडेच पोलिसांनी गाडी अडवली, आत जागा नाही म्हणे. सगळं उत्तर भारत आधीच येऊन बसलं होतं. पुढे शटलने. शटलमध्ये माझ्या मांडीवर भाजणीचा डबा, किटली आणि एका अनोळखी बाईंचं बाळ.

हॉटेलमध्ये दुसरीच गंमत. वेदांगने त्यांच्या दोघांसाठी म्हणून काही खास खोली घेतली होती, ती चुकून आम्हाला मिळाली. पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावलेले. ह्यांना फुलांची ॲलर्जी, लागोपाठ शिंका सुरू. मी पाकळ्या कचऱ्यात टाकल्या आणि एक हंस सोडवून तोंड पुसलं. मुलांना शेजारची खोली मिळाली, तीही मध्ये दार असलेली. मी ते दार उघडंच ठेवा म्हटलं, आपलीच माणसं आहोत. वेदांगने खालीपर्यंत जाऊन मॅनेजरशी बराच वेळ काहीतरी वाद घातला, पण दुसरी खोली मिळाली नाही.

थंडी मात्र कमालीची. घरी एसी अठरावर ठेवून पांघरूण घेऊन झोपणारे आम्ही, इथे अठरा डिग्रीला कानटोप्या घालून बसलो आहोत. खिडकीतून तलाव दिसतो. हिरवा आहे, मोठा आहे. मला उगीच भरून आलं. दृश्यामुळे की त्या मजल्यामुळे, सांगता येणार नाही.

८ जून, रविवार

आज आसपासचे तलाव. भीमताल, सातताल, नौकुचियाताल. पाणी सगळीकडे सुंदर, मधल्या रस्त्यावर सगळीकडे हॉर्न. भवालीच्या आसपास गाडी इतका वेळ उभी होती की ह्यांनी खाली उतरून कणसं आणली, खाल्ली, परत जाऊन पुन्हा आणली. कणीसवाल्याने भाव सांगताच हे मोठ्याने म्हणाले, "म्हणजे फक्त दोन दिरहम!" दुसऱ्या वेळी कणीस तीन दिरहमला मिळालं.

नौकुचियातालला नऊ कोपरे आहेत. नऊही कोपरे एकदम दिसले तर मोक्ष मिळतो असं तिथले लोक सांगतात. ह्यांनी एका दगडावर चढून पाच मोजले आणि अर्धं काम झालं म्हणून समाधानाने खाली उतरले. मी कोपरे मोजले नाहीत. मी मुलांकडे लक्ष ठेवून होते. दोघं पाण्याकाठी बाजूला जाऊन बोलत होती. मी जवळ जाऊन बसले की गप्प होत होती. चार वेळा जाऊन पाहिलं, चारही वेळा तेच.

परतताना गाडीत मला हुडहुडी भरली. वैभवीने स्वतःची शाल काढली, माझ्या अंगावर नीट घातली, कानाखालून खोचली. काही बोलली नाही. नुसतं "अं". शाल उबदार होती, पण मला शब्द हवा होता. मी डोळे मिटून घेतले, तिला वाटलं असेल मला झोप लागली. मग ती पुढे बसलेल्या ह्यांच्या खांद्याला हात लावून कुजबुजली, "बाबा, मंगळवारी नक्की?"

हे म्हणाले, "मंगळवारी नक्की. तोच दिवस बरा."

म्हणजे मंगळवारी सांगणार. मंगळवारी वटपौर्णिमा आहे. माझ्या उपासाच्या दिवशी, रिकाम्या पोटी.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

इतकी वर्षं मी हेमाच्या कुंडीतला वड पुजते. इथे म्हटलं खरा वड मिळेल, म्हणून सूत, हळदकुंकू, सगळं घेऊन आले होते. सकाळी हॉटेलच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, वड खाली काठगोदामकडे, इतक्या वर वड नाही. इथे देवदार आहेत, बांज म्हणजे ओक आहे. देवदाराला फेरी मारायला जावं तर खाली दरी.

शेवटी तलावाकाठी पाण्यावर फांद्या सोडलेलं एक मोठं झाड दिसलं. मी म्हटलं, पारंब्यांसारखं काहीतरी लोंबतंय ना, झालं तर मग. पूजा मांडली. तेवढ्यात वैभवी आली. अंगावर साडी, वर फुगीर जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. म्हणाली, "अं, मी पण?" उपास केलास का विचारलं तर म्हणाली हो, ऑम्लेट खाल्ल्यापासून. दोघींनी मिळून सूत गुंडाळलं. तिला साडीत नीट चालता येत नव्हतं, तिने माझा पदर धरला होता. पूजा संपत आली तेव्हा बाजूला बसलेला एक नावाडी म्हणाला, "माताजी, ये मजनू का पेड़ है." तिकडे विलोच्या झाडाला मजनू म्हणतात. म्हणजे सात जन्म हाच नवरा मिळू दे असं मी मजनूला साकडं घालून बसले होते. ह्यांना ही बातमी फार आवडली. मग हात जोडून झाले आणि हे म्हणाले, चला, आता बोटीत बसू.

मला कळलं, आली वेळ. तलावाच्या मधोमध नेऊन सांगणार, म्हणजे मला उठून जाता येणार नाही.

धक्क्यावर ही गर्दी. मला एक केशरी लाइफ जॅकेट दिलं, त्याचा पट्टा माझ्या हनुवटीखाली अडकला आणि मान वळेना. वेदांग आणि हे रांगेत पुढे. तेवढ्यात तोच नावाडी वैभवीच्या समोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे करून म्हणाला, "मैडम, नाव लीजिए. नाव लीजिए न."

वैभवी जागच्या जागी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवता येत नव्हती, तरी मी जमेल तेवढी हलवली, म्हणजे चल, बस एकदाची. तिचा चेहरा पांढरा पडला. नावाडी पुन्हा म्हणाला, "लीजिए न मैडम, सब लोग ले रहे हैं." मग तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली, डोळे घट्ट मिटले, आणि अख्ख्या नैनीतालला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खलिफा सिटीत जूनमध्ये सत्तेचालीस डिग्री ऊन,
वेदांगचं नाव घेते, सुचित्राआईंची सून."

हे ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होते, ते मी स्वतः पाहिलं. कुणीतरी एका सरदारजींनी टाळ्या वाजवल्या. नावाडी आदबीने थोडा थांबला आणि म्हणाला, "जी मैडम. आधा चक्कर या पूरा?"

माझा दुबईतला सत्तेचाळिसावा मजला तिथेच पाण्यात कोसळला. खून, जून, ऊन. बाथरूममधली पुटपुट. मंगळवार. सगळं त्या एका ओळीसाठी चाललं होतं आणि त्या ओळीत मी होते. सुचित्राआई. मला रडू आलं आणि त्या पट्ट्यामुळे डोळ्यांपर्यंत हातही जाईना. वैभवीनेच पट्टा सोडवला.

बोटीत बसल्यावर ती लाजून लाल झाली होती. तिला हिंदी यथातथाच, शाळेत फ्रेंच घेतलेलं. नाव म्हणजे बोट हे तिला ठाऊकच नव्हतं. "मला वाटलं आईंनीच त्याला सांगितलंय," ती वेदांगला म्हणाली. "आय थॉट इट वॉज अ टेस्ट." वेदांग इतका हसला की बोट हलायला लागली आणि नावाड्याने त्याला दटावलं.

मी मात्र त्यातला एकच शब्द ऐकला. आईंनीच. कुणी सांगितलं नव्हतं, यमकाची गरज नव्हती, सहज आला होता.

तलावाच्या मध्यावर आल्यावर वैभवी माझ्याकडे वळली. "आई, आता तुम्ही. नाव घ्या."

माझं असं आहे की मुसाफापासून खलिफा सिटीपर्यंत कुठल्याही हळदीकुंकवात उखाण्यांत मला हरवणारी बाई अजून यायची आहे. द्राक्षाच्या वेलाचा, चांदीच्या ताटाचा, डोंगरावरच्या देवळाचा, विमानाचासुद्धा उखाणा माझ्याकडे आहे. आज एक आठवेना. ह्यांचं नावसुद्धा आठवेना. हे समोर छाती पुढे काढून बसले होते, राजाभाऊ ऐकायला मिळेल म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते, नावाडीही वल्ही थांबवून बघत होता. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं,

"वैभवी."

मग हे हसले, वेदांग हसला, नावाड्यालाही काय कळलं कोण जाणे, तोही हसला. एकटी वैभवी हसली नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "इट्स ओके, आई. माझं पण असंच झालं होतं."

मी तिचा हात सोडला नाही. नावाडी म्हणाला, "पूरा चक्कर ना, माताजी?" मी मानेनेच हो म्हटलं.

१४ जून, शनिवार. खलिफा सिटी

आल्यापासून कपडे धुणं चालू आहे. बाहेर सेहेचाळीस. उखाण्यापेक्षा एक कमी, असं वैभवीने सकाळी फोनवर बघून सांगितलं.

आता या आईचं काय करावं ते कळत नाही. आई, चार्जर कुठाय. आई, दूध उतू जातंय. आई, ळ बरोबर आला का ऐका. सकाळी मी जरा पडले होते तर दारातून हळूच, "आई, झोपलात का?" झोपले होते, आता नाही. ह्यांना म्हटलं, सहा महिन्यांचा बॅकलॉग काढतेय वाटतं. हे म्हणाले, तूच मागितलं होतंस मजनूकडे.

दुबईच्या फ्लॅटचं मी वेदांगला विचारलं. असा काही फ्लॅट नाही. "पण आई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी आम्ही दोघंच कुठे जाऊ म्हटलं तर विल यू माइंड?" मी म्हटलं, मी कशाला मनाला लावून घेऊ? मला बोलावलं नसतंस तर मी आलेच नसते.

संध्याकाळी हेमा आली, तिघी-चौघी बायका बरोबर. नेहमीप्रमाणे ती म्हणाली, सुचित्रा, तो तुझा नावाचा किस्सा सांग ना यांना. मी सुरुवात केली, आणि का कोण जाणे, उंबरठ्यावरचा जुना किस्सा जिभेवर आलाच नाही. मी बोटीतला सांगितला. शेवटी माझी नक्कल वैभवीने केली, लाइफ जॅकेट हनुवटीखाली अडकलेलं, डोळे मोठे, तोंड उघडं, आणि मग बारीक आवाजात "वैभवी". हेमा हसता हसता खालीच बसली. मीही पोट धरून हसले. नक्कल माझ्यापेक्षा बरी करते, हे लिहून ठेवते.

बायका गेल्यावर कप उचलताना वैभवी म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी वटपौर्णिमेला आपण दोघीच कुठेतरी जाऊ या? जिथे खरा वड असेल तिथे?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

तिचा चेहरा एकदम पडला. आमच्याच घरात राहते, तिलाही अर्थ माहीत झालाय.

"अगं, तसा नाही," मी म्हटलं. "हा माझा इन्शाल्ला. हा खरा."

मोठी बॅग अजून कपाटावर चढवलेली नाही. राहू दे तिथेच.